साखळी आत पडू नये म्हणून

परकराची किंवा लेंग्याची नाडी नेफ्यात आत जाणे, ह्याइतकी क्षुल्लक आणि तरीही माणसाला इतकी हतबल करून सोडणारी आपत्ती संसारात दुसरी नसेल. नाडी कुठे गेलेली नसते. ती तिथेच, बोटभर अंतरावर, कापडाच्या आत असते. वरून चाचपले तर हातालाही लागते. पण बाहेर यायला काही तयार नसते. मग सेफ्टी पिन शोधावी लागते, आणि एरवी घरात जिथे तिथे टोचणारी सेफ्टी पिन नेमकी त्या वेळी कुठे मिळत नाही. आमच्याकडे ह्यावर तोडगा म्हणून कपडे धुवायला टाकण्यापूर्वी नाडीच्या दोन्ही टोकांची गाठ मारून ठेवण्याची शिस्त आहे. ही शिस्त अर्थातच सौभाग्यवतींची. मी तिचा केवळ लाभार्थी.

यंत्रांनाही अशी नाडी असते, हे मला ह्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते. तसे ठाऊक असण्याचे कारणही नव्हते म्हणा. मी पेशाने मास्तर. नवी मुंबईतल्या एका लहानशा खाजगी शाळेत हस्तव्यवसाय आणि सुलेखन शिकवतो. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आताच्या भाषेत दहावी. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबऱ्यांतल्या नायकांनी मोटारी पुष्कळ हाकल्या आहेत. पण त्यांतली एखादी घाटात बंद पडली, की मी तिथेच प्रकरण संपवतो आणि पुढचे प्रकरण नायिकेच्या घरी सुरू करतो.

माझ्यापाशी शंभर सीसीची एक जुनी मोटारसायकल आहे. तिची कंपनी सांगत नाही. जाहिरातींना ह्या अंकात वेगळी पाने आहेत. सव्वा लाख किलोमीटर चाललेल्या ह्या बाईसाहेबांना ज्येष्ठात एक खोड लागली. सकाळच्या पहिल्या किकेला निळसर धूर सोडायचा, आणि मग दिवसभर अगदी शहाण्यासारखे वागायचे. एखादे आजोबा पहाटे उठून घरदार जागे होईल इतके खोकतात आणि चहा झाला की ठणठणीत होतात, तसे. तुर्भ्याच्या मामांनी मान तिरकी करून तो धूर पाहिला आणि निदान केले: "व्हॉल्व्हची सीलं गेली. रात्रभर तेल झिरपतं खाली. हेड उतरवावं लागंल, मास्तर."

मामा मूळचे पाटण तालुक्यातले. साठी ओलांडलेली. तुर्भ्याला बाजार आवारापासून हाकेच्या अंतरावर एका पिंपरणीखाली ताडपत्री ताणून त्यांनी मांडलेला संसार म्हणजेच गॅरेज. सिडको 1970 साली स्थापन झाली तेव्हा तिने ह्या शहराचा रेखीव नकाशा काढला, सेक्टर पाडले, नोड पाडले. पण त्या नकाशात अशा ताडपत्र्यांना कुठला रंग दिला होता, हे मला कोणी सांगू शकलेले नाही. मुंबईतले घाऊक बाजार ऐंशी-नव्वदच्या दशकांत इकडे आले, त्यांच्यामागून माथाडी आले, ट्रक आले, आणि ट्रकांमागून मामांसारखी माणसे आली.

मामांची सारी उमेदवारी दोन ठोक्यांच्या गाड्यांवर झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत, म्हैसूरची येझदी, आकुर्डीहून 1972 पासून निघू लागलेली बजाज चेतक. त्या गाड्यांना व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, काही नाही. हेड म्हणजे निव्वळ झाकण. चार नट काढले की हातात. आतला कोळसा खरवडला, झाकण लावले, गाडी चालू. मामांच्या बोलण्यात त्या काळाचा उल्लेख आला की लोक स्वस्ताईबद्दल बोलताना ज्या स्वरात बोलतात तो स्वर लागतो. आणि मग 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. चार ठोक्यांची. सत्त्याण्णव सीसीचे ते इंजिन इतके कमी पेट्रोल पिई, की दूधवाल्यापासून विमा एजंटापर्यंत सगळा मध्यमवर्ग तिच्यामागे लागला. "आणि आम्ही मिस्त्री लागलो साखळीच्या मागं," मामा म्हणाले.

ही साखळी म्हणजे मागच्या चाकाची नव्हे. ती सर्वांना दिसते आणि पँटीलाही लागते. ही दुसरी साखळी, इंजिनाच्या पोटात. तिचे काम समजून घ्यायचे तर थोडे स्वयंपाकघरात यावे लागेल. फराळाच्या गडबडीत वाचकभगिनी तिथेच असतील, तेव्हा फार लांब जायला नको.

चार ठोक्यांचे इंजिन म्हणजे चार कामे आळीपाळीने करणारा दट्ट्या. हवा-पेट्रोल आत ओढायचे, ते दाबायचे, पेटले की त्या धक्क्याने खाली जायचे, आणि उरलेला धूर बाहेर ढकलायचा. 1876 साली निकोलाउस ऑटो नावाच्या जर्मन गृहस्थाने हा क्रम चालवून दाखवला, आणि अजून जग त्याच क्रमाने चालले आहे. ह्या चार कामांत खालचा दांडा, म्हणजे क्रँक, दोनदा फिरतो. आत यायचे एक दार आणि बाहेर जायचे एक दार मात्र त्या अवधीत एकेकदाच उघडायचे असते. दारे म्हणजे व्हॉल्व्ह. ती वर, हेडमध्ये असतात, आणि त्यांना उघडणारा कॅमही तिथेच. तेव्हा खालच्याचे दोन फेरे व्हावेत आणि वरच्याचा एक, ह्यासाठी दोघांना साखळीने जखडलेले असते. खालच्या दातेरी चक्राला जितके दात, त्याच्या दुप्पट वरच्याला. इतके सोपे गणित. पण गाडी मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर धावत असेल, तर ती दारे सेकंदाला पन्नास वेळा उघडतात नि मिटतात, आणि एकदाही वेळ चुकवून चालत नाही. वरच्या चक्राला समजा अठ्ठावीस दात असले आणि साखळी एकच दात सरकली, तर वर तेरा अंशांचा आणि खाली सव्वीस अंशांचा फरक पडतो. गाडी मग सुरू होत नाही, झाली तर रडत चालते; आणि फरक फारच वाढला तर उघडे दार आणि वर येणारा दट्ट्या ह्यांची टक्कर होऊन दार वाकते.

आता हेड म्हणजे कुकरचे झाकण समजा. त्याखाली पॅकिंग असते ती कुकरची रिंग. हे झाकण उचलायचे तर त्यातल्या कॅमचे चक्र सोडवावे लागते, आणि चक्र सोडवले की साखळी मोकळी होते. तिला वर धरून ठेवणारे कोणी उरत नाही. ती सुळ्ळकन आपल्या बोगद्यातून खाली जाते आणि इंजिनाच्या तळाशी गोळा होऊन बसते.

नाडी नेफ्यात गेली.

खाली गेलेली साखळी कधी आकड्याने वर येते; विहिरीत पडलेली बादली काढायला गळ टाकतात तसे. पण ती खालच्या चक्रावरून निसटली असेल, किंवा कोणी अजाणता किक मारली आणि ती चक्र नि भिंत ह्यांच्यामध्ये चेपली, तर मात्र डाव्या बाजूचे सगळे दार उघडून मॅग्नेट ओढून काढण्यावाचून गत्यंतर नाही. पाच मिनिटांच्या हलगर्जीपणाला दिवसभराची शिक्षा. म्हणून जगातला प्रत्येक जाणता मिस्त्री हेड उचलण्यापूर्वी साखळीत एक तार ओवतो आणि तिचे दुसरे टोक कशाला तरी बांधून ठेवतो. सगळी विद्या एवढीच. बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती काळी तार, वीतभर. तिची किंमत काढायची म्हटले तर पैशांतही निघणार नाही.

मामांना हे सांगता येत होते, करता येत नव्हते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. फ्लायव्हीलवरची 'टी'ची खूण त्यांना दिसत नाही. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करू म्हणतात. गेल्या दोन दिवाळ्यांपासून म्हणत आहेत. त्यांच्या हाताखाली एक पोरगा आहे, सतराएक वर्षांचा. मी त्याला ओळखतो, कारण तो माझ्या शाळेत होता. पुस्तकबांधणीच्या तासाला त्याने शिवलेल्या वह्या अजून माझ्या कपाटात आहेत. टाके इतके सारखे की मी त्या नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवतो. वडील माथाडी. पन्नास-पन्नास किलोची पोती वाहून त्यांची पाठ गेली, तेव्हा नववीच्या निकालानंतर पोरगा शाळेत आलाच नाही. मी दोनदा त्याच्या घरी जाऊन आलो होतो. सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावीला बस, असे सांगून आलो होतो. दुसऱ्या खेपेस त्याने मला एक प्रश्न विचारला. "सर, दहावी झाल्यावर काय?" प्रश्न उद्धट नव्हता. त्याला खरोखर माहिती हवी होती. आणि स्वतः दहावीवर थांबलेल्या मास्तराने ह्यावर काय सांगावे? मी चहा संपवला आणि उठलो.

आषाढातल्या एका रविवारी हेड उतरवायचे ठरले. इंजिन थंड असावे लागते, म्हणून मी गाडी आदल्या रात्रीच तिथे नेऊन लावली होती. मामांनी पहिल्यांदा किकेचा दांडा काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. "हा तुमच्यापाशी ठेवा, मास्तर. ही इथली पोरं उभ्या गाडीवर बसत्यात नि किका मारत्यात." मग माझ्याकडे वळून, जरा आवाज उतरवून म्हणाले, "आज पोरगा खोलील. पहिल्यांदाच. चालंल न्हवं?" मी मान हलवली. मामा स्टुलावर बसले. पोरगा खाली बसला.

पुढची पाऊण घटका मोठी मौजेची होती. एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याला येत नाही, अशा दोघांनी मिळून ते काम चालवले होते. पोरग्याने प्लग काढला, डाव्या बाजूची गोल टोपणे काढली, गोटी पाना लावून क्रँक सावकाश उलटा फिरवला. "टी आला?" "आला." "खाचेसमोर?" "समोर." "टॅपेट हलवून बघ. ढिलं हायेत दोन्ही?" "हायेत." दोन्ही ढिले म्हणजे दोन्ही दारे बंद, दट्ट्या वर, आणि तो योग्य फेऱ्यात वर. एक जरी दाबलेला असता तर आणखी एक फेरा द्यावा लागला असता. "चक्राच्या शून्याची खूण?" "खाचेला लागलीय." "मग आता कुणाच्या बापाला क्रँक हलवू देऊ नको." टेन्शनर ढिला झाला. हा टेन्शनर नावाप्रमाणे टेन्शन देणारा नाही. उलट साखळीतला ढिलेपणा स्वतःच्या अंगावर घेणारा आहे.

चक्राचे बोल्ट सोडण्यापूर्वी तार आली. पोरगा तिला गाठ मारू लागला तेव्हा मामांनी, न दिसताही, कशावरून ओळखले कोण जाणे, "गाठ न्हाई. पीळ दे," म्हणून बजावले. तारेला गाठ मारली तर ती सोडवताना तुटते आणि तुकडा आत जातो. पिळाला दोन वेढे पुरतात, आणि उलटे फिरवले की सुटतो. चक्र बाहेर आले. साखळी तारेला लोंबकळत राहिली. हेडचे चार नट एकदम सोडायचे नसतात. तिरके तिरके, थोडे थोडे सैल करायचे, नाहीतर हेड वाकडे होते. तेही झाले. सीले आणि पॅकिंग अजून आणायचे होते. मामा छत्री घेऊन उठले. "वाशीला जाऊन येतो. तू हेड उचल. टोक आतनं ओवून घे, नि तार सोडू नको."

मामा गेले आणि पाऊस वाढला. पोरग्याने लाकडी मुठीने हेडला दोन्ही बाजूंनी हलके ठोकले, ते सुटले. आता खरी अडचण असते. साखळी हेडच्या आतल्या बोगद्यातून वर आलेली. हेड वर उचलायचे, म्हणजे तारेचे टोक त्या बोगद्यातून खाली ओढून घ्यावे लागते, आणि त्या क्षणभरात ते कुठेही बांधलेले नसते. हातातच असते. डाव्या हातात हेड, उजव्या चिमटीत तार. आमच्याकडे पूर्वी गोधडी शिवताना आजी म्हणे, सुई ओवताना बोलू नये. मी बोललो नाही.

नेमका त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन वाजला. वाजून थांबला आणि पुन्हा वाजला. "सर, जरा बघा." मी फोन काढला. आईचा होता. मी तो त्याच्या कानाला लावून धरला. पलीकडचे शब्द मलाही ऐकू येत होते. बाबा बाजारात पडले होते. छातीत कळ आली होती. रिक्षात घातले होते.

"सोड ते, चल," मी म्हणालो.

"सर, हो," तो म्हणाला, आणि सोडले नाही. हेड खालच्या पोत्यावर ठेवले. तारेचे टोक हँडलपर्यंत नेले, दोन वेढे दिले, पिळले. खालच्या भोकात फडके कोंबले. वर प्लास्टिकची पिशवी घालून दोरीने आवळली. मग उठला आणि धावतच सुटला. ह्या सगळ्याला किती वेळ लागला असेल? मला विचाराल तर दोन मिनिटे. नंतर मामा म्हणाले, अर्धे मिनिटसुद्धा नसेल, मास्तर, तुम्हाला तसे वाटले. पण मी तिथे होतो आणि मामा नव्हते. ती मला दोन मिनिटेच वाटली, आणि त्या दोन मिनिटांत त्याच्या आईचा आवाज माझ्या हातातल्या फोनमधून येत होता.

आम्ही रिक्षाने इस्पितळात पोचलो. वडील आत होते, आई बाकावर. तिथल्या पहारेकऱ्याने माझ्याकडे संशयाने पाहिले तेव्हा मला कळले, की किकेचा लोखंडी दांडा अजून माझ्या हातात आहे.

वडील वाचले. लगोलग हे सांगून टाकतो, कारण दिवाळीत वाचकाला उगीच टांगून ठेवणे मला पसंत नाही. पण दहा दिवस इस्पितळ, नि मग घरी. ते सगळे दिवस पोरगा गॅरेजकडे फिरकला नाही, आणि माझी गाडी उघड्या डोक्याने ताडपत्रीखाली उभी राहिली. मी मामांना म्हटले, दुसरा कोणी बोलावून जोडून घ्या, पैशांचे बघू. मामांनी साफ नकार दिला. "ज्यानं खोललं त्यानंच जोडायचं." हा त्यांच्या धंद्यातला जुना कायदा आहे, आणि त्यात भाबडेपणा काही नाही. कुठला बोल्ट लांब, कुठला आखूड, वायसर कुठल्या नटाखाली होता, हे खोलणाऱ्याच्या हातालाच आठवते.

ते दिवस मी महानगरपालिकेच्या बसने शाळेत गेलो आणि संध्याकाळी आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त टॅक्सीवाल्या काकांशी गप्पा मारल्या. काकांनी सगळी हयात फियाट हाकली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी ती गाडी 1974 पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींतली शेवटची 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. साखळीची गोष्ट ऐकून काकांना हसू आले. "आमच्या गाडीला ही कटकटच नव्हती." आणि ते खरे आहे. पद्मिनीचा कॅम खाली, ब्लॉकमध्येच. साखळी पुढच्या झाकणाआड, आपल्या घरी सुखरूप. वर व्हॉल्व्हपर्यंत जायला लांब सळ्या. हेड उचलायचे तर त्या सळ्या विणकामाच्या सुयांसारख्या एकेक वर काढून ठेवायच्या; साखळीला कोणी हातही लावत नाही. पुढे कॅम वर चढला आणि मिस्त्र्यांच्या डोक्याला व्याप झाला. 1983 च्या मारुती 800 मध्ये साखळीऐवजी रबरी दातेरी पट्टा आला. तो बाहेरच्या बाजूला कोरडा असतो, आत पडण्याची भीती नाही, पण तो वेळच्या वेळी बदलावा लागतो. पुढे 2008 पासून मारुतीच्याच के-मालिकेच्या इंजिनांत पुन्हा साखळी आली. काकांच्या पुतण्याचे मोटारींचे गॅरेज आहे. तो म्हणे चक्रावर आणि साखळीच्या कडीवर नखांना लावायच्या रंगाचा ठिपका देतो, मग दोन्ही प्लास्टिकच्या पट्टीने जखडतो, आणि काही जुन्या इंजिनांत तर साखळीच्या दोन पदरांमध्ये लाकडाची पाचर ठोकतो, म्हणजे आतला टेन्शनर उसळी मारून बाहेर येत नाही. "बायकोचा रंग संपला की घरी भांडण," काका म्हणाले.

ह्या साखळीचा पूर्वज सायकलच्याही साखळीचा पूर्वज आहे. हान्स रेनॉल्ड नावाचा एक स्विस गृहस्थ मँचेस्टरला स्थायिक झाला होता. त्याने 1880 साली रोलरच्या साखळीचे पेटंट घेतले. माझ्या गाडीच्या पोटातली साखळी त्याच घराण्यातली, फक्त अंगाने नाजूक. एकेक सांधा जेमतेम पाव इंचाचा. बायकांच्या कमरपट्ट्यातही ह्याहून जाड कड्या असतात.

पण खरे सांगायचे तर त्या दिवसांत मला साखळीपेक्षा ती दोन मिनिटेच जास्त आठवत होती. मी घरी सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना ते मुळीच रुचले नाही. "आई फोनवर रडतेय, आणि हा तार बांधत बसला?" त्यांचे म्हणणे मला खोडता येईना. मी म्हटले, त्याला मामांनी सांगितले होते, तार सोडू नको. त्या म्हणाल्या, सांगितलेले सगळे ऐकायचे असते का? ह्यावरही माझ्याजवळ उत्तर नव्हते. पंचवीस-तीस मुलांना रोज 'सांगितलेले ऐका' म्हणणाऱ्या माणसाला तर ते फारच अवघड. शिवाय त्याने काय सोडायला हवे होते? माझी जुनी गाडी. आणि त्याच्या मामांच्या गॅरेजातले त्याचे पहिले हेड.

बाराव्या दिवशी तो आला. वडील घरी चालू लागले होते, जिन्यापर्यंत. पावसाची झड तशीच होती. त्याने पिशवी सोडली, फडके काढले आणि आधी बोटाने तार हलवून पाहिली. होती तिथेच होती. वरच्या दोन-तीन कड्यांवर किंचित तांबूस गंज धरला होता. त्यावर त्याने तेल सोडले आणि चिमटीने एकेक कडी वाकवून पाहिली. मामा आपल्या स्टुलावर. सीले बसली, व्हॉल्व्ह घासून झाले, पॅकिंग बसले, तारेचे टोक पुन्हा बोगद्यातून वर आले. ह्या खेपेस ते मी धरले. "टी बघ." "आहे." "शून्य?" "आहे." चक्र बसले, बोल्ट आवळले, टेन्शनर सुटला, आणि तार दोन उलट्या वेढ्यांत मोकळी झाली. त्याने ती टाकून दिली नाही. सरळ केली आणि पान्यांच्या डब्यात ठेवली.

लगेच किक मारायची नसते, हेही त्या दिवशी कळले. पान्याने हातानेच क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्यायचे आणि खुणा पुन्हा जागेवर येतात का पाहायचे. कुठे अडले तर जोर लावायचा नाही. तो सावकाश फेरे देत होता तेव्हा मी विचारले. रागाने नव्हे; विचारल्याशिवाय राहवले नाही म्हणून.

"त्या दिवशी तू लगेच का नाही निघालास रे?"

त्याने मान वर केली नाही. "सर, माझे हात कापायला लागले होते. तार बांधली तेव्हा थांबले." दुसरा फेरा पुरा झाला. "तसाच निघालो असतो तर रिक्षा पण थांबवता आली नसती मला."

मी किकेचा दांडा पिशवीतून काढून दिला. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. धूर नाही. मामांनी डोळे मिटून कान लावला. डोळे उघडे असले तरी त्यांना फारसे दिसले नसतेच, पण मिटल्याने ऐकू चांगले येत असावे. "इनलेट वाजतोय जरा," ते म्हणाले. "थंड होऊ दे. मग टॅपेट पुन्हा लाव." टॅपेट थंड इंजिनावरच लावायचे असतात. तासभर तरी थांबणे आले.

पाऊस कोसळत होता, तेव्हा आम्ही दोघे ताडपत्रीच्या कोरड्या कोपऱ्यात बसलो. तो बराच वेळ फडक्याने हात पुसत होता.

"सर, माझा दाखला शाळेतच आहे का अजून?"

"शाळेतच आहे. लिहून दिलेस की मिळेल."

"तो सतरा नंबरचा... तारीख गेली?"

"अजून आहे."

हा फॉर्म हल्ली मोबाईलवरच भरता येतो. त्याचे हात काळे होते, म्हणून तो सांगत होता आणि मी लिहीत होतो. त्याचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव. जन्मतारीख त्याने लगेच सांगितली. शाळा सोडल्याची तारीख आठवायला थोडा वेळ लागला. पत्त्यापाशी आलो तेव्हा तो म्हणाला, घरचा घाला, पण फोन मामांचा घाला, माझा पावसात भिजलाय. मामांनी स्टुलावरूनच आपला नंबर दोनदा मोठ्याने सांगितला. माध्यम मराठी. विषय निवडा, असे पुढे आले. मी त्याला एकेक वाचून दाखवू लागलो.

गणितापर्यंत आलो होतो, तोच मामांनी इंजिनावर हात ठेवून पाहिला आणि हाक मारली, "झालं थंड. ये."